माधुकरीची झोळी आणि माधवराव सप्रे

रायपूरची पुरानी बस्ती म्हणजे महामायेचे मंदिर, दूधाधारी मठ, जैतूसाव मठ, तलावांचे घाट आणि त्यांच्या अवतीभोवती वसलेल्या अरुंद गल्ल्या. याच वस्तीला लागून तात्यापारा, ब्राह्मणपारा, बूढापारा ही मोहल्ल्यांची रांग आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगढात आली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले. त्या कारभाराबरोबर आणि पुढे इंग्रजी अमदानीतल्या नोकऱ्यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे या मुलखात आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी अशी तिहेरी भाषा त्यांच्या मुलांच्या तोंडी बसली. पुरानी बस्तीच्या शेजारच्या एका भागाला आज लाखे नगर म्हणतात, बूढा तालाबाजवळच्या शाळेला आणि तिच्या पटांगणाला सप्रे शाळा म्हणतात. ही दोन्ही नावे मराठी आहेत आणि ती धारण करणारी माणसे एकमेकांचे जिवलग मित्र होती, हे आज त्या रस्त्याने जाणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

हिंदी साहित्याच्या इतिहासात पं. माधवराव सप्रे यांचे नाव आदराने घेतले जाते. मराठी वाचकाला मात्र ते क्वचितच भेटतात. मराठीत त्यांनी फारसे लिहिले नाही, हे त्याचे उघड कारण. परंतु समर्थ रामदास, लोकमान्य टिळक आणि भारताचार्य चिंतामणराव वैद्य या तिघांना हिंदी प्रांतात नेऊन पोहोचविणारा हा माणूस मराठीचा किती मोठा देणेकरी आणि घेणेकरी होता, हे त्यांचे चरित्र पाहिल्यावर कळते.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्यप्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत, आईचे लक्ष्मीबाई. घराणे मूळचे कोकणातले. पोटापाण्यासाठी उत्तरेकडे सरकत गेलेले. पथरियात निभाव लागेना तेव्हा कोंडोपंतांनी बिऱ्हाड बिलासपुरास हलविले. वडिलांचे छत्र लवकरच हरपले आणि घराचा भार थोरले बंधू बाबूराव यांच्यावर पडला. या बंधूंचे ऋण माधवरावांवर आयुष्यभर राहिले. पुढे एका निर्णायक क्षणी तेच ऋण त्यांच्या वाटेत उभे ठाकले, म्हणून त्याची नोंद इथेच केली पाहिजे.

बिलासपुरात मिडल स्कूलपर्यंतचे शिक्षण आटोपून माधवराव रायपूरच्या सरकारी हायस्कुलात आले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी या मराठी मुलाला हिंदीची गोडी लावली. एखाद्या शिक्षकाने वर्गात सहज लावलेला लळा किती दूरवर जातो याचा अंदाज त्या शिक्षकालाही नसतो. दुबेजींनाही तो बहुधा नसावा. वामनराव लाखे हे माधवरावांहून वर्षभराने लहान आणि रायपूरचेच. त्यांच्याशी जमलेली मैत्री अखेरपर्यंत टिकली.

१८८९ साली माधवरावांचा विवाह झाला. सासरे रायपुरात वरच्या सरकारी हुद्द्यावर होते. त्यांच्या शिफारशीने नायब तहसीलदाराची जागा जावयास मिळण्यासारखी होती. मध्यप्रांतातल्या एका गरीब ब्राह्मण घराला त्या काळी याहून मोठे भाग्य ते कोणते वाटावे? माधवरावांनी ती वाट धरली नाही. पण नोकरी नाकारल्याने पोटाचा प्रश्न सुटत नाही. जबलपूरच्या कॉलेजात सुरू केलेले शिक्षण अर्धवट राहिले. बांधकाम खात्याची ठेकेदारी करून पाहिली, तीत खोट आली. मग पुन्हा पुस्तके हाती घेऊन ते ग्वाल्हेरला गेले, तेथून नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात, आणि अखेर कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी त्यांनी मिळविली. तोपर्यंत विशीची बहुतेक सारी वर्षे सरली होती. पदवी हाती आली तरी सरकारी चाकरीचा विचार त्यांनी केला नाही. पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकविण्यासाठी महिना पन्नास रुपयांवर शिक्षक हवा होता, ती जागा त्यांनी पत्करली.

पेंड्रा हे अमरकंटकाच्या पायथ्याकडचे जंगलातले ठिकाण. बिलासपूर-कटनी रेल्वे काही वर्षांपूर्वीच तिथून गेली होती. या रुळांखेरीज नव्या काळाची खूण सांगावी असे तिथे काही नव्हते. सारा मुलूख एका पावसावर आणि एका पिकावर जगणारा. धान आले तर वर्ष निघाले, नाही आले तर घरदार उघडे पडले. १८९६-९७ च्या दुष्काळातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९-१९०० चा दुष्काळ कोसळला. अर्धपोटी कुटुंबे गाव सोडून बाहेर पडली. दूर आसामच्या चहाच्या मळ्यांपर्यंत छत्तीसगढचे मजूर गेले, त्यांतले किती परत आले याचा हिशेब गावांनी ठेवला नाही. मालगुजारांचा वसूल, बेगार आणि सावकाराचे व्याज हे दुष्काळाच्या वर्षीही थांबत नव्हते.

अशा वर्षी, जानेवारी १९०० मध्ये, पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ नावाचे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशनाची जबाबदारी वामनराव लाखे यांची. तिघेही मराठी, तिघेही तिशीच्या आतबाहेर आणि तिघांपैकी एकाच्याही गाठीला पैसा नव्हता. पेंड्र्यात छापखाना नव्हता. लिहायचे जंगलात आणि छापायचे दूर शहरात, असा प्रकार. सुरुवातीचे अंक रायपूरच्या कय्यूमी छापखान्यात निघाले, पुढचे नागपुरास छापून येऊ लागले. वर्षाची वर्गणी दीड रुपया होती. तीही मागून मागून वसूल करावी लागे.

त्या काळी व्यवहारी माणसाला हा उद्योग वेडगळ वाटला असल्यास नवल नाही. ज्या प्रांतात वाचता येणारी माणसे मोजकी, त्यांतही मासिक विकत घेणारी त्याहून मोजकी, तेथे पुस्तकांवर परखड परीक्षणे छापणारे मासिक कोणासाठी? परंतु माधवरावांचा हिशेब निराळा होता. छत्तीसगढ मागासलेला आहे असे सारे म्हणतात, आणि त्या मागासलेपणाविषयी छत्तीसगढात बसून विचार करणारे एकही पत्र नाही, ही उणीव त्यांना बोचत होती. ‘मित्रा’तून त्यांनी शिक्षणाविषयी, शेतीविषयी, देशाच्या अर्थकारणाविषयी लिहिले. हिंदीत ग्रंथपरीक्षणाची शिस्त घालून देणाऱ्यांत त्यांचे नाव आज अग्रभागी घेतले जाते. श्रीधर पाठकांसारख्या नामवंत कवीच्या पुस्तकांचेही परीक्षण त्यांनी भीड न बाळगता केले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने शास्त्रीय परिभाषेचा कोश हाती घेतला तेव्हा अर्थशास्त्राच्या शब्दांचे काम माधवरावांनी केले. इंग्रजी शब्दाला हिंदी प्रतिशब्द शोधणारा हा माणूस मनातल्या मनात मराठीचाही धांडोळा घेत असणार, असे वाटल्यावाचून राहत नाही.

‘मित्रा’च्या एप्रिल १९०१ च्या अंकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही त्यांची लहानशी कथा आली. हिंदीतील पहिली मौलिक कथा कोणती या वादात आजही या कथेचे नाव पुढे येते. वाद विद्वानांनी करावा, कथा मात्र कोणालाही समजेल अशी आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढवायचे म्हणून जमीनदार वकिलांचे हात ओले करून न्यायालयातून त्या झोपडीवर ताबा मिळवितो. म्हातारी शेजारी कुठेतरी आसरा शोधते, पण तिची लहानगी नात जुन्या घराखेरीज अन्न शिवायला तयार होत नाही. त्या घरातली टोपलीभर माती न्यावी आणि तिची चूल मांडावी, म्हणजे पोर जेवेल, या आशेने म्हातारी जमीनदाराकडे येते. माती भरून झाल्यावर टोपली डोक्यावर द्यायला ती त्यालाच हात लावायला सांगते. जमीनदाराला टोपली उचलत नाही. एवढी एक टोपली उचलवत नाही, तर त्या झोपडीखालच्या हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, असे म्हातारी त्याला विचारते. तो शरमतो आणि झोपडी परत देतो.

कथा गोड शेवटाची आहे, प्रत्यक्षात असे जमीनदार विरळाच. तरीही जमीनदारीच्या मुलखात, जमीनदाराच्याच घरी शिकवणी करून पोट भरणाऱ्या शिक्षकाने ती लिहिली आणि आपल्याच मासिकात छापली, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तिच्यातील धैर्य कळते. बेदखल झालेल्या म्हातारीला न्यायालयाने न्याय दिला नाही, हेही त्यात सहज सांगून टाकलेले आहे.

तोटा सोसत सोसत ‘छत्तीसगढ मित्र’ तीन वर्षे चालला आणि डिसेंबर १९०२ च्या अंकानंतर बंद पडला. कर्ज तेवढे मागे राहिले.

यानंतर माधवराव नागपुरास गेले. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता आणि टिळकांच्या ‘केसरी’चा आवाज वऱ्हाड-नागपुरात दुमदुमत होता. तो आवाज हिंदी भाषिकांपर्यंत पोहोचत नाही, ही खंत माधवरावांना होती. १९०६ मध्ये त्यांनी ‘हिंदी ग्रंथमाला’ सुरू केली. स्वदेशी आणि बहिष्कार या विषयावरचे त्यांचे पुस्तक त्याच सुमारास निघाले, ते पुढे सरकारने जप्त केले. १३ एप्रिल १९०७ रोजी ‘हिंदी केसरी’चा पहिला अंक बाहेर पडला. उत्तरेकडच्या गावोगावी तो वाचला जाऊ लागला. शाळामास्तर, पोस्टातले कारकून, विद्यार्थी अशी माणसे तो चोरून वाचत आणि सरकारी नजरेतून ही गोष्ट निसटणे शक्य नव्हते.

२२ जुलै १९०८ रोजी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा झाली. बरोबर एक महिन्याने, २२ ऑगस्टला, माधवरावांना राजद्रोहाच्या १२४ अ या कलमाखाली अटक झाली. ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनाही त्याच वेळी पकडण्यात आले.

इथे चरित्रकाराची लेखणी थोडी अडखळते. माधवरावांविषयीच्या गौरवपर लेखांतून पुढची हकिकत अनेकदा एका वाक्यात उरकली जाते, कधी वगळलीही जाते. तसे करण्याचे कारण नाही. माधवराव तुरुंगात होते, प्रकृती ढासळली होती, बाहेर कुटुंब उघड्यावर पडले होते. ज्यांनी वडिलांच्या पश्चात धाकट्या भावाला वाढविले, शिकविले, त्याच्या अपयशी उद्योगांचे ओझे सोसले, ते बाबूराव तुरुंगात भेटीला येऊ लागले. माफी लिहून दे आणि सूट, असा त्यांचा आग्रह होता. माधवराव ऐकेनात. तेव्हा माफी न दिल्यास आपण जीव देऊ, असे बंधूंनी निर्वाणीचे सांगितले. एका बाजूस तत्त्व आणि दुसऱ्या बाजूस पित्यासमान भावाचा जीव. माधवरावांनी कागदावर सही केली. नोव्हेंबर १९०८ मध्ये ते सुटले. कोल्हटकरांनी तुरुंगवास पत्करला. टिळक मंडालेला होते.

या सहीचे समर्थन करता येईल, आणि पुष्कळांनी ते केलेही आहे. भावाचा जीव वाचविणे हे काही हलके कर्तव्य नव्हे. परंतु माधवरावांनी स्वतः ते समर्थन कधी स्वीकारले नाही, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याची किल्ली इथेच आहे. कालपर्यंत ज्यांनी डोक्यावर घेतले, ते आता तोंड फिरवीत. वृत्तपत्रांतून टीका झाली. टिळकपक्षाच्या वर्तुळात माफी हा शब्दच अस्पृश्य होता. घरी परतलेला माणूस मोकळा होता, पण त्याला जायला जागा राहिली नव्हती.

वर्ध्याजवळ हनुमानगडावर श्रीधर विष्णू परांजपे हे रामदासी सत्पुरुष राहत. माधवराव त्यांना शरण गेले. परांजप्यांनी या खचलेल्या संपादकाला दोन गोष्टी दिल्या : खांद्याला माधुकरीची झोळी आणि हाती दासबोध. सुमारे वर्षभर माधवराव दारोदार माधुकरी मागून राहिले. बी. ए. झालेला, ज्याच्या पत्राने सरकारला धास्ती घातली होती असा संपादक, कोणी काही वाढेपर्यंत परक्या उंबरठ्याबाहेर उभा राही. ज्याने ओळखले तो काय म्हणाला असेल आणि ज्याने ओळखूनही न ओळखल्यासारखे केले त्याच्या दाराशी माधवरावांच्या मनात काय आले असेल, याची कल्पनाच करावी. समर्थ संप्रदायात भिक्षेचा हेतू अन्न मिळविण्याइतकाच लोकांत मिसळण्याचा, घरोघरची परिस्थिती जाणून घेण्याचाही आहे. अहंता गळावी हा तिसरा हेतू. दासबोधाची पारायणे चालू होतीच. पेंड्र्यात गरिबी माधवरावांनी शेजारून पाहिली होती, आता ती हातात झोळी घेऊन पाहिली.

तेथून ते रायपुरास परतले ते मनाशी एक शिस्त घालून घेऊनच. पुढे व्हायचे नाही, नाव मिरवायचे नाही, काम सोडायचे नाही. रायपुरात समर्थांच्या नावाने रामदासी मठ उभा राहिला आणि तोच त्यांचा पत्ता झाला. पुरानी बस्तीत मठ काही नवे नव्हते. दूधाधारी मठाची परंपरा तर सतराव्या शतकापासूनची. त्या परंपरेच्या शेजारी हा लहानसा मराठी मठ बसला. यात त्यांनी प्रथम दासबोध हिंदीत आणला. ज्या ग्रंथाने आपल्याला उभे केले, तो शेजाऱ्याच्या भाषेत ठेवणे हीच त्यांची गुरुदक्षिणा होती.

याच काळात, १९१२ च्या सुमारास, रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी महिला पाठशाळा सुरू करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. शहरातील मुलींच्या शिक्षणाच्या इतिहासात या पाठशाळेचे स्थान अगदी आरंभीचे आहे. त्या दिवसांत मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की घरात लग्नाची बोलणी सुरू होत, आणि शाळेत पाठवायची तर सोबत कोण, रस्त्याने कशी जाणार, शिकून करणार काय, हे प्रश्न मराठी घरांतही विचारले जात आणि छत्तीसगढी घरांतही. राजकारणातून हद्दपार झाल्यासारख्या झालेल्या माणसाला हे काम करायला कोणाची परवानगी लागत नव्हती. फक्त घरोघर जावे लागत होते, आणि दारात उभे राहायची सवय त्यांना हनुमानगडावर लागली होती.

मित्र वामनराव लाखे याच वर्षांत दुसऱ्या टोकाने त्याच दुखण्याला हात घालीत होते. सावकाराच्या व्याजातून शेतकरी सुटल्याखेरीज या मुलखाचे काही खरे नाही, हे ओळखून त्यांनी सहकाराची कास धरली. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या रायपूरच्या सहकारी मध्यवर्ती बँकेमागे त्यांचे परिश्रम होते. एकाने लेखणी आणि शाळा सांभाळावी, दुसऱ्याने पतपेढी आणि शेतकरी, अशी ही वाटणी ठरवून झालेली नसेल, पण ती घडली खरी.

टिळक जून १९१४ मध्ये मंडालेहून सुटून आले आणि वर्षभराने ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद करण्याचे काम माधवरावांकडे आले. सात वर्षांपूर्वी ज्याच्या सहीने टिळकपक्षाला खाली पाहावे लागले, त्याच माणसाच्या हाती टिळकांच्या तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथाची सोपवणूक व्हावी, यात टिळकांची गुणग्राहकता जशी दिसते, तशीच माधवरावांनी मधल्या वर्षांत कमावलेली पत दिसते. तो अनुवाद करताना त्यांच्या मनाची अवस्था काय असेल! तुरुंगात गेलेला एकजण कर्मयोग लिहून बाहेर आला होता आणि तुरुंगातून कागदावर सही करून बाहेर आलेला दुसरा, ती वाक्ये एकेक करून दुसऱ्या भाषेत उतरवीत होता. शब्दांची निवड, संस्कृत आधारांची छाननी, टिळकांच्या ठसठशीत मराठी वाक्याला हिंदीत तोच भार देणे, हे सारे त्यांनी इतक्या निगुतीने केले की हिंदी वाचकाला तो ग्रंथ परक्या भाषेतून आल्यासारखा वाटला नाही. अनुवादकाच्या प्रस्तावनेखाली त्यांनी पत्ता घातला आहे तो समर्थ रामदासी मठ, रायपूर असा, आणि तिथी आहे देवशयनी एकादशी, संवत १९७३. म्हणजे ११ जुलै १९१६, मंगळवार, आपली आषाढी एकादशी. पंढरपुरात त्या दिवशी वारी पोहोचली होती.

पुढे वैद्यांच्या महाभारतावरील ग्रंथाचा ‘महाभारत मीमांसा’ हा अनुवादही त्यांनी केला. मराठी पुस्तके हिंदीत नेण्याचे काम म्हणजे कमी प्रतीचे काम, असे मानणाऱ्यांची संख्या तेव्हाही कमी नव्हती आणि आजही नाही. माधवरावांना त्याची पर्वा नव्हती.

१९२० साल उजाडले तेव्हा महाकोसलाच्या सार्वजनिक जीवनात त्यांचा शब्द पुन्हा मानला जाऊ लागला होता. जबलपुरातून ‘कर्मवीर’ हे साप्ताहिक त्या वर्षीच्या जानेवारीत निघाले, त्यामागची प्रेरणा आणि पुष्कळशी धावपळ त्यांची. संपादकाच्या खुर्चीत मात्र त्यांनी खांडव्याचे तरुण माखनलाल चतुर्वेदी यांना बसविले. स्वतः अनुभवी संपादक असताना दुसऱ्याला पुढे करून मागे राहणे हे त्यांच्या स्वभावातच भिनले होते. जबलपूरच्या राष्ट्रीय हिंदी मंदिराच्या उभारणीतही असेच झाले. माखनलालांनी पुढे हिंदी काव्यात आणि पत्रकारितेत जे नाव मिळविले त्याच्या मुळाशी माधवरावांनी दिलेला हात होता, आणि ते ऋण माखनलाल आयुष्यभर सांगत राहिले.

रायपूरच्या आसपासही त्या वर्षी हवा बदलली होती. धमतरीकडच्या कंडेल गावात कालव्याच्या पाण्याच्या चोरीचा आळ घेऊन सरकारने गावकऱ्यांवर दंड बसविला आणि गुरे जप्त केली, तेव्हा राजिमचे पं. सुंदरलाल शर्मा, धमतरीचे नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्या पुढाकाराने सारे गाव सत्याग्रहास उभे राहिले. जप्त केलेली गुरे बाजारात लिलावाला नेली तर बोली लावायला कोणी पुढे येईना. वीस वर्षांपूर्वी ‘छत्तीसगढ मित्र’ वाचायला माणसे मिळत नव्हती, त्या मुलखात आता गावेच्या गावे एका निश्चयाने वागू लागली होती. असहकाराच्या लाटेत सरकारी शाळा सोडलेल्या मुलांसाठी १९२१ मध्ये रायपुरात राष्ट्रीय विद्यालय निघाले. त्याच्या स्थापनेतही माधवराव होते, आणि लाखेही. वामनरावांनी सरकारची रायसाहेब ही पदवी परत केली, ती याच सुमारास. लोकांनी त्यांना मग आपल्या मनाने लोकप्रिय ही उपाधी दिली.

माधवरावांनी मानाची पदे बरीच वर्षे टाळली. १९२४ मध्ये डेहराडूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, ते स्नेह्यांच्या आग्रहाखातर. हिंदी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर मराठी मातृभाषेचा एक लेखक बसला, आणि त्यात कोणाला काही विपरीत वाटले नाही. मराठीपण सोडून हिंदीत शिरणे आणि मराठीपण घेऊन हिंदीत शिरणे यांतला फरक त्यांच्या जगण्याने स्पष्ट केला होता. घरी समर्थांचे श्लोक, बाहेर लोकांची भाषा. दोन्हींत आडपडदा नाही.

पैसा त्यांच्याकडे कधी टिकला नाही. मासिके, ग्रंथमाला, साप्ताहिके यांनी त्यांच्याकडून घेतलेच, परत फारसे दिले नाही. संसाराची ओढाताण अखेरपर्यंत चालू राहिली. अतिश्रमाने देह आधीच खंगला होता. डेहराडूनहून आल्यावर जेमतेम दीड वर्ष गेले आणि २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे देहावसान झाले. वय चोपन्न वर्षांचे होते.

त्यानंतर चार वर्षांनी, १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाचे पडसाद रायपुरात उमटले. चळवळीचे नेतृत्व करणाऱ्या पाच जणांना लोक कौतुकाने पांडव म्हणू लागले. ठाकूर प्यारेलाल सिंह, मौलाना अब्दुल रऊफ, शिवदास डागा, पुरानी बस्तीतल्या जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायणदास आणि या सर्वांत वडील म्हणून युधिष्ठिर ठरलेले वामनराव लाखे. लाखे तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांना अटक झाली, शिक्षा झाली, आणि ते तुरुंगात गेले.